मजूर पणजोबांचा माग: विदर्भातल्या गावात जुन्या नोंदी कशा शोधायच्या

ज्यांच्या नावावर कधी वावर नव्हतं, त्यांचं नाव जुन्या सातबाऱ्यात मालक म्हणून सापडणार नाही. तरी पूर्वजांचा शोध घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी तलाठ्याकडे जातात, दोन-चार चकरा मारतात आणि ‘आपली काहीच नोंद नाही’ म्हणून विषय सोडून देतात. नोंद असते. सालदार (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी), जिनातला हमाल, खाणीतला मजूर, रोजानं निंदायला जाणारी बाई ही माणसं जन्म-मरणाच्या वहीत, लेकरांच्या शाळेत आणि लग्नातल्या आहेरात सापडतात. म्हणून क्रम उलटा लावायचा आणि जमिनीचे कागद शेवटी काढायचे.

आधी घरातली पेटी

पहिला कागद शोधायचा तो जात पडताळणीच्या फायलीचा. तुमच्या घरी नसेल, पण चुलत घराण्यात कोणीतरी शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा निवडणुकीसाठी वैधता काढलेली असते. त्या फायलीत प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ असते, आज्या-पणज्याच्या दाखल-खारीजचा (शाळेत घातल्या-काढल्याच्या नोंदीचा) उतारा असतो, कधी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू वहीची, नक्कलही असते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचे पुरावे लागत असल्यामुळे ही फाईल आपोआप जुन्या काळात पोचलेली असते. मात्र वंशावळ जशीच्या तशी खरी धरू नका. ती अर्जदाराच्या सोयीनं लिहिलेली असते. लेकी गाळलेल्या असतात, आणि लहानपणी गेलेली किंवा निपुत्रिक वारलेली भावंडं बहुधा नसतातच.

दुसरा कागद आहेराची वही. लग्नात कोणी किती दिले हे लिहिलेली ही वही घरोघरी रद्दीत जाते आणि ते मोठं नुकसान आहे. मजूर घराचं सगळं गणगोत एका जागी लिहिलेला दुसरा कागद क्वचितच मिळेल. प्रत्येक नावापुढे गाव असतं. एकाच गावाची पाच-सहा नावं लागून आली, तर ते बहुधा आजीचं माहेर किंवा आत्याचं सासर. मोठा आहेर, लुगडं किंवा भांडं कोणी दिलं ते पाहा, मामा तिथेच सापडतो. वहीवर साल नसेल तर लग्नपत्रिकेशी जोडा. पत्रिकेतली निमंत्रकांची नावं आणि तेरवीच्या पत्रिकेवरचे ‘शोकाकुल’ यांची यादी वेगळी उतरवून घ्या.

मग वडीलधाऱ्यांशी बोलणं. साल विचारू नका, प्रसंग विचारा. ‘तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही बंडी हाकत होता का?’, ‘लग्न धर्मांतराच्या आधी की नंतर?’ असे प्रश्न ठेवा. 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ, 1918 ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ), 1951 मध्ये मालगुजारी (गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत) जाणं, ऑक्टोबर 1956 मधला नागपूर-चंद्रपूरचा धम्मदीक्षा सोहळा या खुणांनी वय पाच वर्षांच्या आत आणता येतं. जन्म पोळ्याला, तान्ह्या पोळ्याला किंवा अखाडीला झाला असं कोणी सांगितलं तर ते मोलाचं आहे. साल ठरलं की पंचांगावरून तारीख निघते.

शाळेची दाखल-खारीज नोंदवही

पणजोबा शाळेत गेलेच नसतील. त्यांचं लेकरू गेलं असेल, आणि त्या लेकराच्या नोंदीत बापाचं नाव, जात, गाव आणि बऱ्याच वह्यांत बापाचा धंदाही असतो. ‘मजुरी’, ‘सालदारी’, ‘गुराखी’ असा एक शब्द असला तरी तो मजूर माणसाच्या कामाचा पहिला लेखी पुरावा ठरू शकतो. शाळा सोडल्याचं कारण वाचायला विसरू नका. ‘कामास गेला’, ‘गाव सोडले’ यावरून घरावर कोणती वेळ आली होती ते कळतं.

आजच्या जिल्हा परिषद शाळा 1962 आधी जनपद सभेच्या (तेव्हाच्या स्थानिक संस्थेच्या) किंवा त्याहून जुन्या मंडळांच्या होत्या, पण नोंदवही बहुधा त्याच इमारतीतल्या कपाटात राहिली. शाळा बंद किंवा विलीन झाली असेल तर केंद्रशाळेत विचारा. मुलींची शाळा वेगळी असेल तर वहीही वेगळी. जूनमध्ये जाऊ नका, मुख्याध्यापक प्रवेशात आणि दाखल्यांत बुडालेले असतात. दिवाळीनंतरचा काळ बरा.

जन्मतारीख 1 जून किंवा 1 जुलै असेल तर ती गुरुजींनी टाकलेली आहे असं समजा. अशा तारखेला मागेपुढे दोन-तीन वर्षं धरायची.

कोतवाल बुक

या सगळ्या शोधाचा कणा हाच. गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल वहीत नोंद करवून घेई आणि ठरल्या दिवशी ठाण्यात कळवी. जुन्या वह्या आता बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जन्माची आणि मृत्यूची नोंद वेगळी असते.

जन्माच्या नोंदीत लेकराचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, जात, गाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. इथेच बहुतेक शोध चुकतात, कारण आपण आजोबांचं नाव शोधत बसतो. त्याऐवजी पणजोबांच्या नावावरचे सगळे जन्म ओळीनं उतरवा. मग मृत्यूच्या वहीत त्याच बापाची लहानपणी गेलेली लेकरं शोधा आणि जन्मांच्या यादीतून ती खोडा. उरलेले जन्म मोठ्यापासून धाकट्यापर्यंत लावा आणि शाळेच्या नोंदीतल्या भावंडांशी ताडून पाहा. शाळेत 1938 ला सात वर्षांचा म्हणून घातलेला मुलगा 1931 चा धरला, तर कोतवाल बुकात 1928 ते 1934 एवढी सालं चाळावी लागतील. एकच साल पाहून परत येऊ नका.

नावांची मोठी अडचण आहे. आडनाव जुन्या नोंदीत क्वचित असतं. ‘गण्या वल्द सोम्या’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘वल्द’ किंवा ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘साकिन’ म्हणजे राहणार, ‘कौम’ म्हणजे जात. तेच गण्या शाळेच्या वहीत ‘गणपत सोमाजी’ होतात. गरिबांची आणि खालच्या मानलेल्या जातींची नावं ‘-या’ लावून लिहिण्याची त्या काळची रीत होती, मालगुजाराच्या नावाला मात्र ‘जी’ आणि ‘राव’ लागे. म्हणून सोम्या, सोमा, सोमजी, सोमाजी ही सगळी रूपं शोधा. वहीतलं रूप टिपणात जसंच्या तसं ठेवा, पण वंशावळीत लिहिताना पणजोबांना ‘सोमाजी’च म्हणा. तो मान त्यांचा आहे. कचरू, उकंडा, धोंडू, भिका, दगडू अशी नावं दिसली तर त्याआधी लेकरं गेली होती का हे मृत्यूच्या वहीत पाहा. दृष्ट लागू नये म्हणून अशी नावं ठेवत.

मृत्यूच्या नोंदीतलं वय 40, 50, 60 असं गोल असतं, त्याला आठ-दहा वर्षांची सूट द्या. कारणाच्या रकान्यात ‘ताप’ सगळ्यात जास्त दिसेल, त्यावरून रोग ठरवू नका. ‘देवी’, ‘पटकी’ किंवा ‘हैजा’ (दोन्ही म्हणजे कॉलरा), ‘प्लेग’ हे शब्द जास्त भरवशाचे. 1918 च्या शेवटच्या महिन्यांची पानं सावकाश वाचा. मानमोडीत मध्य प्रांत-वऱ्हाडाला फार मोठा फटका बसला आणि त्या गडबडीत नोंदणीही कोलमडली. त्या वेळची नोंद सापडली नाही एवढ्यावरून माणूस जगला असं म्हणता येत नाही. घरी ‘एका आठवड्यात तिघं गेले’ अशी आठवण असेल आणि वहीत एकच नाव असेल, तर आठवण खरी असण्याचा संभव जास्त.

अर्ज आणि नक्कल

नकलेच्या अर्जात मौजा (महसुली गाव), तहसील, पटवारी हलका (तलाठ्याच्या हद्दीतला गावगट) नंबर, जन्म की मृत्यू, बापाचं नाव आणि सालांचा पट्टा लिहा. पट्टा पाच वर्षांहून मोठा ठेवला तर अर्ज ‘नोंद आढळून येत नाही’ असा परत येण्याचा धोका असतो, कारण इतकं चाळायला कोणाला वेळ नसतो. मोठ्या शोधाचे दोन-तीन अर्ज करा, किंवा वही पाहण्याची परवानगी मागून स्वतः चाळा. मार्च महिना टाळा, तेव्हा सगळं कार्यालय वसुलीत गुंतलेलं असतं.

वही समोर आली की आधी मुखपृष्ठाचा फोटो, मग रकान्यांच्या मथळ्यांचा, मग पूर्ण पानाचा आणि शेवटी नोंदीचा. नुसत्या नोंदीचा फोटो घेतला तर घरी आल्यावर गाव कोणतं, साल कोणतं हेच कळत नाही. उजेड खिडकीचा घ्या, फ्लॅश नको. चिकटलेलं पान ओढू नका.

2023 पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या मोहिमेत अनेक जिल्ह्यांनी जुन्या वह्या स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकल्या. तुमची जात कोणतीही असो, आपल्या मौज्याची फाईल तिथे आहे का ते आधी पाहा. ज्या पानावर कुणबी नोंद आहे, त्याच पानावर गावातली इतर नावंही असतात.

वऱ्हाडातले जुने कागद मोडीत असतात, नागपूरकडे हिंदीही भेटते. मोडी वाचणाऱ्याला पूर्ण पान द्या, एक ओळ कापून देऊ नका. अक्षराची सवय होण्यासाठी त्याला आजूबाजूच्या ओळी लागतात. साल शके असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधल्या तारखांना 79. वऱ्हाडात निजामाच्या काळची फसली (महसुली कालगणना) असेल तर 590 मिळवा, आणि महिन्याप्रमाणे एक वर्ष इकडेतिकडे.

गावच सापडत नसेल तर

गाव रीठ झालेलं असू शकतं. वस्ती उठली तरी महसुली यादीत ‘मौजा अमुक (रीठ)’ असं नाव राहतं आणि नोंदी शेजारच्या गावात जातात. बुद्रुक-खुर्दची गल्लत तर नेहमीचीच. तहसीलही बदललेली असते. वर्धा जिल्ह्यात पूर्वी वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या, त्यामुळे समुद्रपूरकडच्या गावाची जुनी वही हिंगणघाटला असू शकते. तसंच गडचिरोली 1982 ला चंद्रपूरमधून, वाशीम 1998 ला अकोल्यातून आणि गोंदिया 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. नव्या ठिकाणी नाही म्हटलं तर जुन्या मुख्यालयी विचारा. अप्पर वर्धा किंवा गोसीखुर्दसारख्या धरणात गाव गेलं असेल तर पुनर्वसनाची कुटुंबयादी मागा. त्या यादीत भूमिहीन कुटुंबंही असतात, हा मजुरांच्या शोधात मोठा आधार.

आता जमिनीचे कागद, पण दुसऱ्यांचे

पणजोबा ज्यांच्याकडे साल धरत, त्या मालगुजाराचे किंवा पाटलाचे कागद काढा. नागपूर विभागात 1954-55 चा अधिकार अभिलेख आणि त्याआधीचे खसरा-जमाबंदी (शेतवार आणि साऱ्याच्या नोंदी), वऱ्हाडात पेरेपत्रक (पिकांची नोंद) आणि फेरफार (हक्कबदलाची नोंद). शिकमी म्हणजे पोटकूळ, किंवा बटाईनं कसणारा म्हणून पणजोबांचं नाव आत कुठेतरी येऊ शकतं. मालकाच्या घरी जुनी सालदारांची वही असेल तर तीही मागून पाहा. साल गुढीपाडव्याला ठरे, म्हणून हिशेब पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असतो. उचल किती, ज्वारी किती, खाडे किती हे त्यात असतं. माणसाचं एक अख्खं वर्ष त्या एका पानावर कळतं.

पुढे भूदानातून किंवा 1961 च्या सीलिंग कायद्यातून तुकडा मिळाला असेल तर घराण्याचा पहिला सातबारा तिथून सुरू होतो. वर्ग 2 ची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीची) नोंद दिसली की तिचा फेरफार क्रमांक घ्या आणि तो फेरफार काढा. घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घर-जागेच्या कराची नोंदवही) पाहा. जागा कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली ते साखळीनं मिळतं. बाईचं नाव हवं असेल तर वारस फेरफार हाच खात्रीचा कागद, विशेषतः 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरचा, कारण त्यानंतर लेकींनाही वारस म्हणून स्थान मिळालं.

गाव सोडून नागपूरची एम्प्रेस, हिंगणघाट, पुलगाव किंवा बडनेरा यांपैकी एखादी गिरणी धरली असेल तर 1952 नंतरच्या कामगाराचा प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर शोधा. कापड हा त्या कायद्यातल्या पहिल्या उद्योगांपैकी होता. हजेरीचं कार्ड, हिशेबाची पावती, युनियनची वर्गणी पावती यांवर तो नंबर किंवा निदान खात्याचं नाव असतं. रिंग (सूतकताई), साचा (माग), ब्लोरूम (कापूस पिंजण्याचं खातं) या शब्दांवरून नेमकं काम कळतं.

सगळं जमलं की एका कोऱ्या वहीत डाव्या पानावर साल आणि वय, उजव्या पानावर कागद काय म्हणतो आणि घरचे काय म्हणतात हे वेगवेगळ्या शाईत लिहा. दोन तारखा जुळल्या नाहीत तर घटनेच्या जवळच्या काळात लिहिलेला कागद वर ठेवा, पण दुसरा खोडू नका. मूळ कागदांना चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते परत काढता येत नाही, आणि तापवताना जुनी शाई पसरते. सुती कापडात सपाट ठेवा, फोटोंची एक प्रत चुलत घराण्यात द्या, आणि आहेराची वही पुढच्या लग्नात रद्दीवाल्याकडे जाणार नाही एवढं घरातल्या बायकांना आणि पोरांना आत्ताच सांगून ठेवा.