लग्नाच्या पाहुण्यांसाठी हॉटेलच्या खोल्या ठरवताना

लग्न मुळशी किंवा पानशेतच्या बाजूला असले, तरी बाहेरगावचे पाहुणे उतरतात ते पुणे स्टेशनवर किंवा स्वारगेटला, आणि तेही बहुधा पहाटे. हॉटेलची खोली मात्र साधारणपणे दुपारीच ताब्यात मिळते. म्हणून एकूण खोल्यांपैकी दोन-तीन खोल्या एक रात्र आधीपासून घ्याव्यात, म्हणजे रात्रभर प्रवास करून आलेल्या आत्याबाईंना आंघोळीसाठी लॉबीत बॅगा धरून ताटकळावे लागत नाही. माझ्या मते हा खर्च रोषणाईपेक्षा अधिक मोलाचा आहे.

हॉटेलशी झालेले बोलणे तोंडी ठेवू नये. न लागणाऱ्या खोल्या कोणत्या तारखेपर्यंत पैसे न कापता परत करता येतील, जादा गादीचे किती आणि नाश्ता दरात धरला आहे का, हे सारे ईमेलवर लिहून घ्यावे. दर करासहित विचारावा: सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्याहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ७,४०० आणि ७,६०० रुपयांच्या खोल्यांमधला फरक प्रत्यक्षात जवळजवळ १,२०० रुपयांवर जातो.

खोल्यांची वाटणी घरातल्या एकाच माणसाने करावी आणि गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना लिफ्टजवळची खोली द्यावी. परदेशी नागरिक असलेल्या पाहुण्यांच्या पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती आधीच पाठवाव्यात, कारण त्यांची नोंद २४ तासांत करणे हॉटेलवर बंधनकारक असते.