लिव्ह की लाइव्ह? उच्चार आणि अर्थ ओळखायचा कसा

इंग्रजीतला ‘live’ हा शब्द: स्पेलिंग एकच, उच्चार दोन आणि अर्थ डझनभर. म्हणून वाचताना अडखळायला होतं आणि भाषांतरात ‘जिवंत’ हा शब्द नको तिथे येऊन बसतो.

आधी शब्दाचं वाक्यातलं काम बघा. क्रियापद असेल तर उच्चार ‘लिव्ह’, म्हणजे ‘गिव्ह’शी जुळणारा. नामाचं वर्णन करत असेल किंवा एखादी गोष्ट प्रत्यक्ष घडताना दाखवली असं सांगत असेल, तर ‘लाइव्ह’, ‘फाइव्ह’शी जुळणारा. शेवटी ‘एस’ लागला की जरा थांबा. ‘शी लिव्ह्ज अलोन’ मध्ये क्रियापद आहे, ‘दे सेव्ह्ड मेनी लाइव्ह्ज’ मध्ये ‘लाइफ’चं अनेकवचन. आधी ‘मेनी’, ‘देअर’ किंवा एखादा आकडा दिसला तर बहुधा दुसरंच. लाइव्हस्टॉक, लाइव्हली, लाइव्हलिहुड यांत कायम ‘लाइव्ह’. ‘लाँग-लिव्ह्ड’चा उच्चार मात्र दोन्ही प्रकारे ऐकू येतो, त्यावरून कुणाची चूक काढू नये.

‘लाइव्ह’चा अर्थ लावायचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे त्या क्षेत्रात त्याच्या विरुद्ध काय म्हणतात ते शोधणं. प्रक्षेपणात विरुद्ध शब्द ‘रेकॉर्डेड’, म्हणून अर्थ ‘थेट’. पण गाण्याच्या अल्बमवर ‘रेकॉर्डेड लाइव्ह’ असतं तेव्हा? तिथे विरुद्ध बाजूला स्टुडिओ असतो, म्हणून अर्थ ‘श्रोत्यांसमोर गायलेलं’. काडतुसाच्या बाबतीत विरुद्ध शब्द ‘ब्लँक’, म्हणजे गोळी नसलेलं, आणि तिथे ‘जिवंत काडतूस’ हे मराठीत रुळलेलंच आहे. वेबसाइट ‘लाइव्ह’ झाली म्हणजे चाचणी संपून सगळ्यांसाठी खुली झाली. इमारतीच्या हिशेबात ‘डेड लोड’ म्हणजे बांधकामाचं स्वतःचं वजन आणि ‘लाइव्ह लोड’ म्हणजे माणसं, सामानसुमान असं बदलतं वजन. गोदामातली पोतीसुद्धा त्यात धरतात, तेव्हा इथे जीव शोधत बसू नका.

दोन ठिकाणी अर्थ चुकला तर महागात पडतं. पहिलं म्हणजे वीज. ‘लाइव्ह’ तारेत व्होल्टेज असतं. त्या क्षणी दिवा लागलेला असायलाच हवा असं नाही. बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण बटणापर्यंत आलेली तार लाइव्हच राहते. शिवाय बोलण्यात ‘लाइव्ह’ म्हणजे फेज आणि दुसरी न्यूट्रल, असं असलं तरी विजेच्या मानकांमधल्या ‘लाइव्ह पार्ट’ या संज्ञेत न्यूट्रलही मोडते. त्यामुळे सुरक्षेच्या सूचना भाषांतरित करताना सरसकट ‘फेज’ लिहू नका. ‘व्होल्टेज असलेला भाग’ लिहिलं तरी घोटाळा होतो, कारण वाचणारा न्यूट्रलला बिनधोक समजतो. तिचा उल्लेख वेगळा करावा.

दुसरं म्हणजे लस. ‘लाइव्ह व्हॅक्सिन’मध्ये जंतू जिवंत असतात, पण रोग होऊ नये इतके दुबळे केलेले. विरुद्ध शब्द ‘इनॅक्टिव्हेटेड’, म्हणजे निष्क्रिय केलेल्या जंतूंची. बीसीजी आणि गोवराची लस या लाइव्ह प्रकारातल्या. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना अशा लशी सहसा देत नाहीत, म्हणून पत्रकात नुसतं ‘जिवंत लस’ न लिहिता ‘दुबळ्या केलेल्या जिवंत जंतूंची लस’ असं पूर्ण लिहावं.

जीव असण्याच्या साध्या अर्थाने तीन शब्द आहेत आणि तिघांच्या जागा ठरलेल्या. प्राण्यांबाबत नामाआधी ‘लाइव्ह’: ‘अ लाइव्ह फिश’. क्रियापदानंतर ‘अलाइव्ह’: ‘द फिश इज अलाइव्ह’. ‘अॅन अलाइव्ह फिश’ चालत नाही. हयात माणसांसाठी ‘लिव्हिंग’: ‘लिव्हिंग रिलेटिव्ह्ज’. ‘लाइव्ह ऑडियन्स’ चालतं, पण तिथे सांगायचं असतं ते समोर हजर असलेल्या प्रेक्षकांबद्दल.

‘लिव्ह’ क्रियापदाचा अर्थ पुढचा छोटा शब्द ठरवतो. ‘ऑन’पुढे पगार किंवा भाकरी आली तर त्यावर गुजराण. ‘ऑफ’पुढे माणूस आला तर त्याच्या जिवावर जगणं, आणि त्यात बहुतेक वेळा टोमणा असतो. ‘विथ’पुढे माणूस असेल तर एकत्र राहणं, आजार किंवा अडचण असेल तर ती निभावत जगणं. ‘अप टू’ म्हणजे अपेक्षेला उतरणं. ‘डाउन’ म्हणजे झालेली नामुष्की लोकांनी विसरणं, तेही बहुधा नकारार्थी: ‘ही विल नेव्हर लिव्ह इट डाउन’ म्हणजे लोक त्याला हे आयुष्यभर ऐकवणार. ‘लाँग लिव्ह’ ही शुभेच्छा, म्हणून एकाच व्यक्तीबद्दल असली तरी ‘एस’ लागत नाही.

आपल्याकडून हमखास होणारी गफलत ‘राहणे’मुळे होते, कारण मराठीत घरी राहतो आणि हॉटेलातही राहतो. कायमचा पत्ता सांगायचा तर ‘आय लिव्ह इन’ आणि पुढे शहर. घर क्रमांकासह पत्ता असेल तर ‘अॅट’. चार दिवसांचा मुक्काम असेल तर ‘स्टे’. ‘आय अॅम लिव्हिंग’ म्हटलं की ऐकणारा बहुधा समजतो, सोय तात्पुरती आहे.