चार रिमोटांचं काम एका रिमोटवर

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एव्ही रिसीव्हर (सगळ्यांचं चित्र-आवाज एकत्र घेऊन स्पीकर चालवणारा डबा) किंवा साउंडबार, वर एखादी स्ट्रीमिंग स्टिक. या सगळ्यांसाठी एकच युनिव्हर्सल रिमोट घेण्याआधी यातला कोणता मूळ रिमोट खरंच इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर, चालतो ते बघून घ्या. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला की इन्फ्रारेड. मागच्या कॅमेऱ्यावर बहुधा फिल्टर असतो, म्हणून सेल्फीचा. तपासताना बाणाचं बटण दाबा, व्हॉल्यूमचं नको. फायर टीव्ही स्टिकच्या रिमोटची पॉवर आणि व्हॉल्यूम बटणं टीव्हीसाठी इन्फ्रारेड सोडू शकतात, पण स्टिकशी तो ब्लूटूथनेच बोलतो. त्यामुळे तेवढ्यावरून फसगत होते.

अशा स्टिकला साधा युनिव्हर्सल रिमोट चालवू शकत नाही, कारण तो फक्त इन्फ्रारेड सोडतो. तिथे एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच एका उपकरणाने दुसऱ्याला हुकूम देण्याची सोय, कामाला येतं. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये ते शोधा. सॅमसंगमध्ये त्याचं नाव ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते चालू केलं की टीव्हीच्या रिमोटचे बाण आणि ओके स्टिकपर्यंत पोचतात, म्हणजे युनिव्हर्सलच्या टीव्ही मोडमधूनही.

रिमोट घ्यायचा तर ‘लर्निंग’ सोय असलेलाच घ्या, म्हणजे मूळ रिमोटचं बटण त्याला शिकवता येतं. परदेशी रिमोटांच्या कोड-यादीत (कोड म्हणजे उपकरण ओळखायला रिमोटमध्ये टाकायचा आकडा) आपल्याकडचे डीटीएच बॉक्स असतीलच असं नाही, आणि कोड लागला तरी दोन-चार बटणं राहतातच. मात्र सुरुवात कोडनेच करावी आणि जे राहील तेवढंच शिकवावं. सगळं शिकवत बसणं वेळखाऊ तर आहेच, शिवाय खाली सांगितलेल्या एका कारणासाठी धोक्याचंही.

कोड टाकताना उपकरण आधी चालू ठेवा. साधारण पद्धत अशी: सेटअपचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत धरून ठेवायचं, मग उपकरणाचं बटण, मग पुस्तिकेतला कोड. नुसत्या पॉवरवर खूश होऊ नका. म्यूट, इनपुट, मेन्यू आणि बाण हे सगळं चाललं तरच तो कोड खरा. नाहीतर यादीतला पुढचा टाका. आपोआप शोध लावला असेल तर उपकरण बंद पडताक्षणी थांबा. हात एक-दोन कोड पुढे जातोच, मग एकेक मागे या. सापडलेला कोड सेलच्या झाकणाच्या आत चिटकवून ठेवा.

शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, तोंडाला तोंड, २ ते ५ सेंटिमीटरवर. बारीक रिमोटखाली वही ठेवून उंची जुळवा. ऊन अंगावर येत असेल तर पडदा ओढा, आणि दोन्हींत नवे सेल घाला. आधी नव्या रिमोटवरचं बटण निवडा, तो तयार झाला की मगच मूळ बटण दाबा. हा क्रम चुकला की शिकवणी फुकट जाते, कारण एनईसी या इन्फ्रारेड संदेशांच्या एका पद्धतीच्या रिमोटांत पूर्ण संदेश एकदाच जातो आणि बटण दाबून धरलं तर पुढे साधारण ११० मिलिसेकंदांनी फक्त ‘तेच चालू’ अशी छोटी खूण जाते. उशिरा जागा झालेला रिमोट ती खूणच शिकतो, आणि नुसत्या खुणेवर उपकरण हलत नाही.

आरसी-५ या दुसऱ्या संदेश-पद्धतीची खोड वेगळी. ही फिलिप्सची, ३६ किलोहर्ट्झवर चालणारी. तिच्यात बटण दर वेळी नव्याने दाबलं की संदेशातला एक बिट पालटतो. शिकलेला संदेश मात्र कायम एकसारखा. त्यामुळे चॅनल ११ साठी १ दोनदा दाबला तरी उपकरणाला वाटतं बटण धरूनच ठेवलंय, आणि ते एकच १ घेतं. व्हॉल्यूमला सहसा हे जाणवत नाही, आकड्यांना आणि म्यूटला जाणवतं. उपाय एकच: अशा उपकरणासाठी शिकवू नका, तयार कोड शोधा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी मॅक्रोची, म्हणजे एका बटणात सगळं चालू करण्याची. बहुतेक पॉवर बटणं टॉगल असतात: टीव्ही आधीच चालू असेल तर मॅक्रो त्याला बंद करतो. अनेक टीव्हींना ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे कोड असतात, जे त्यांच्या स्वतःच्या रिमोटवर नसतात. कोड-यादीत ते आधी धुंडाळा. क्रम असा ठेवा: टीव्ही चालू, रिसीव्हर चालू, ५ ते १० सेकंद थांबा, मग इनपुट. टीव्ही जागा होत असताना आलेला इनपुटचा हुकूम तो ऐकतच नाही. मॅक्रो संपेपर्यंत रिमोट उपकरणांकडेच रोखून धरा. निम्म्यात खाली ठेवला की निम्मंच चालू होतं.

सीईसी आणि मॅक्रो यांचं एकमेकांशी पटत नाही. टीव्ही चालू होताच सीईसी रिसीव्हरला उठवतं, आणि मागून आलेला टॉगल त्याला झोपवतो. पॉवरचं काम दोघांपैकी एकाकडेच द्या.

व्हॉल्यूम आणि म्यूट सगळ्या मोडमध्ये रिसीव्हरकडे वळवा, टीव्हीचे स्पीकर सेटिंगमधून बंद करा. रिसीव्हर लाकडी कपाटात असेल तर इन्फ्रारेड रिपीटर, म्हणजे रिमोटचा संदेश बाहेर झेलून आत पोचवणारं छोटं यंत्र, लागेल. रेंज कमी वाटली तर चार्ज होणारे १.२ व्होल्टचे सेल काढून साधे १.५ व्होल्टचे घालून बघा.

जुना लॉजिटेक हार्मनी युनिव्हर्सल रिमोट स्वस्तात मिळत असेल तर एवढं लक्षात घ्या: कंपनीने त्याचं उत्पादन २०२१ मध्ये थांबवलं, आणि त्याचं सेटिंग तिच्याच ऑनलाइन सेवेवरून होतं.

मूळ रिमोट टाकून देऊ नका. सेल काढून खणात ठेवा, नाहीतर गळलेल्या सेलने स्प्रिंग गंजते आणि पुन्हा एखादं बटण शिकवायची वेळ आली की पंचाईत होते.