प्रयोग चालू असताना फोटो-व्हिडिओ काढताय? या चुका टाळा

मुंबईतल्या नाट्यगृहांत तिसऱ्या घंटेच्या आसपास मोबाइल बंद ठेवण्याची आणि चित्रीकरण न करण्याची विनंती केली जाते, आणि तरीही प्रयोग रंगू लागला की प्रेक्षागृहात दोन-चार फोन उजळतातच. यामागे बहुतेक वेळा उद्धटपणा नसतो. आपल्या एकट्याच्या फोनने काय बिघडणार, असा समज असतो. सर्वांत मोठी चूक हीच आहे.

दोन प्रवेशांमधल्या अंधारात रंगमंच रिकामा नसतो. बॅकस्टेजची माणसे काही सेकंदांत टेबल-खुर्च्या हलवत असतात आणि नट जमिनीवर चिकटवलेल्या बोटभर रेडियमच्या पट्टीवरून आपली जागा शोधत असतो. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. ती सवय मोडायला मात्र एक उजळ स्क्रीन पुरते. मागे एका प्रयोगाला मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. अंधार होताच शेजारच्या प्रेक्षकाने नुकताच काढलेला व्हिडिओ उघडून पाहिला, आणि आत येणारी अभिनेत्री पायरीशी थबकली, तिने पायाने कड चाचपली आणि मगच ती खाली उतरली. तो क्षणभराचा उशीर फार कोणाच्या लक्षात आला नसेल, पण ती तिथे पडू शकली असती.

फ्लॅशचा तर उपयोगही होत नाही. मोबाइलचा फ्लॅश जेमतेम काही मीटर पोहोचतो, त्यामुळे बाल्कनीतून काढलेल्या फोटोत पुढच्या रांगेतली डोकी उजळतात आणि रंगमंच काळाच राहतो. फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता घरूनच पूर्ण बंद करून यावे. फोन नुसता सायलेंट करणेही पुरेसे नसते, कारण खुर्चीच्या हातावर थरथरणारा फोन शांत प्रवेशात दोन रांगांपर्यंत ऐकू जातो. एअरप्लेन मोड लावावा. हात हलताच उजळणारे मनगटावरचे घड्याळही विसरू नये. अ‍ॅपल वॉचसारख्या घड्याळांत त्यासाठी थिएटर मोड असतो.

‘तिकीट काढले आहे, म्हणजे चित्रीकरणाचा हक्क आहे’ हा समज चुकीचा आहे. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने नट, गायक, वादक, नर्तक अशा कलाकारांना स्वतःच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क मिळाला, आणि आज त्याची मुदत ५० वर्षे आहे. खासगी वापरासाठी कायद्यात सवलत आहे, पण संमतीशिवाय काढलेली क्लिप समाजमाध्यमांवर टाकली की तो खासगी वापर उरत नाही. शिवाय नाट्यगृहाचा नियम वेगळा असतो आणि तोही पाळावाच लागतो. नाटकाचा कळीचा प्रवेश अशा रीतीने फिरू लागला, तर महिनोन्‌महिने तालीम करून जपलेला धक्का पुढच्या प्रेक्षकाला मिळतच नाही, याचे मला फार वाईट वाटते.

काळा घोडा महोत्सवासारख्या खुल्या मंचांवर वातावरण मोकळे असते, तरी फोन डोक्यावर न धरता छातीशी धरावा, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांना मंच दिसत राहतो. तिथे चेहरे पांढरेफटक येत असतील, तर स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरावे आणि उजेड कमी करावा. व्हिडिओत आडव्या पट्ट्या सरकत असतील, तर शटरचा वेग, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावा. आवाज फाटत असेल, तर स्पीकरपासून दूर सरकावे. ट्रायपॉड वाटेत कधीच लावू नये. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत मात्र आयोजकांना आधी विचारल्याशिवाय ध्वनिमुद्रणही करू नये.

प्रयोगानंतर सारे कलाकार एकत्र येऊन अभिवादन करतात, तेव्हा अनेक निर्माते आनंदाने फोटो काढू देतात. तशी घोषणा होते का, ते ऐकावे. आत रंगपटात भेटायला गेलात, तर मेकअप उतरवत असलेल्या माणसासमोर कॅमेरा उघडण्यापूर्वी ‘फोटो काढू का?’ असे विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर फोन खिशात ठेवून प्रयोगाबद्दल बोलावे.