सक्तीचा ओव्हरटाइम : भांडायला जाताना या चुका टाळा

दिवाळी उरकली की माझा फोन वाजायला लागतो. लक्ष्मी रोडवरची साड्यांची दुकानं, विमाननगरचा मॉल, हडपसरची किराणा स्टोअर्स, सगळीकडून गाऱ्हाणं एकच. "काका, महिनाभर रात्री साडेअकरापर्यंत थांबवून घेतलं आणि वर एक रुपया दिला नाही." मी वकील नाही. एकवीस वर्षं कपड्याच्या काउंटरला उभा होतो, एवढंच. पण दरवर्षी त्याच चुका बघून आता वीट आलाय, म्हणून लिहितो.

पहिली चूक म्हणजे तास लिहून न ठेवणं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मशिनमध्ये आहे की सगळं." अरे, मशिन कोणाचं? दुकानाचं. त्यातून निघणारा कागद कोणाचा?

माझंच सांगतो, शोरूमचं नाव राहू दे. तिथे साडेनऊला सगळ्यांना अंगठा लावून 'आउट' व्हायला सांगायचे. मग शटर अर्धं खाली यायचं आणि आत घड्या सुरू. सीझनला गिऱ्हाइकं एका साडीसाठी चाळीस उलगडायला लावतात. त्या सगळ्या परत घडीवर आणायच्या, टॅग जुळवायचे, रॅकला लावायच्या आणि वर स्टॉक मोजायचा. बारा वाजायचे. मशिनच्या लेखी मात्र मी कधीच घरी जाऊन जेवून झोपलेलो! तीन सीझन असे काढले आणि एक दिवस डोकं फिरलं तसा वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन धडकलो. साहेबांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या तारखांना थांबवलं?"

"रोजच, साहेब."

"रोज म्हणजे कधी? किती ते किती?"

माझी दातखीळ बसली. गेलो तसा परत आलो.

घरी आमची ही दुधाचा हिशोब कालनिर्णयवर लिहिते. अमक्या दिवशी अर्धा लिटर जादा, तमक्या दिवशी खाडा. महिनाअखेरीला दूधवाला त्यापुढे हूं की चूं करत नाही. म्हटलं, दुधाला जमतं ते आपल्या तासांना का नको? पुढच्या सीझनला खिशातली छोटी डायरी घेतली. आत किती वाजता, बाहेर किती वाजता, जेवायला किती मिनिटं, थांबून काय केलं. रोज रात्री बसस्टॉपवर उभ्या उभ्या लिहायचं, घरी गेल्यावर नाही. आठवडाभराचं एकदम बसून लिहिलं की शाई एक, अक्षर एक, आणि कोणीही ओळखतं. ती डायरी टेबलावर ठेवल्यावर दोन बैठकांतच मालकाची भाषा बदलली. सगळे नाही, पण निम्म्याहून जास्त पैसे निघाले.

पोरं ॲप सुचवतात. वापरा, माझी ना नाही. फोन बदलला की रडत येऊ नका म्हणजे झालं. त्यापेक्षा शेवटची बस चुकल्यावर पावणेबाराला रिक्षावाल्याला ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद जपून ठेवा. तिच्यावर वेळ छापलेली असते.

दुसरी चूक, आकडे न बघता भांडणं. 2017 च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि तीन महिन्यांत जास्तीत जास्त 125 तास ओव्हरटाइम असं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे 10 तास आणि तिमाहीचे 144 करायचा निर्णय घेतला, शिवाय कायदा लागू व्हायला लागणारी किमान 10 कामगारांची अट 20 वर न्यायचंही ठरवलं. म्हणून जुन्या सीझनचं भांडण असेल तर त्या तारखेचा नियम बघा. आणि तुळशीबागेतल्या चार पोरांच्या गाळ्याला मॉलचा नियम लावायला जाऊ नका.

दर मात्र दुप्पटच. समजा पगार 15,600. भागिले 26 म्हणजे रोज 600, आठ तासांनी (आठवड्याचे 48, दिवस सहा) भागलं की तासाला 75, ओव्हरटाइमला 150. रोज दोन तास, पंचवीस दिवस, झाले 7,500. हा हिशोब कागदावर मांडून न्या. "आमच्यावर अन्याय झालाय" या वाक्याची बेरीज होत नाही.

कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, दिला म्हणजे ओव्हरटाइम फिटला, असं समजू नका. बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची बदली सुट्टी वेगळी आणि जादा तासांचे पैसे वेगळे.

'असिस्टंट मॅनेजर' अशी पाटी छातीवर लावली की पोरं फुशारतात. पाटी फुकट नसते. "तू मॅनेजर, तुला कसला ओव्हरटाइम?" हे पुढे ऐकायला मिळतं. खरं तर तुम्ही काम काय करता ते बघितलं जातं. दिवसभर घड्याच घालत असाल तर तसं डायरीत लिहा.

कोऱ्या कागदावर सही नको. भाऊबीजेच्या घाईत तर मुळीच नको.

आता व्हॉट्सॲप ग्रुप. याच्याइतका घात दुसऱ्या कशानं होत नाही. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री एका स्टोअरच्या ग्रुपवर एका पोरानं मॅनेजरला आईवरून शिवी घातली, व्हॉइस मेसेज करून. सकाळी तो मेसेज मालकाच्या फोनवर. पुढे सगळी चर्चा शिवीचीच. तासांचा विषय कोणी काढेना. बाकी सहा जणांचा हक्काचा पैसाही त्यात बुडाला, कारण पोरगा त्यांचा म्होरक्या होता. मला म्हणाला, "काका, राग आला." अरे, राग मलाही यायचा. मी तोही डायरीत लिहायचो, मागच्या पानावर.

नव्या पोरांना सगळं आठ दिवसांत हवं असतं. अर्ज टाकला, तारीख लागली नाही, की दिली नोकरी सोडून, तीही रागात, पगाराच्या चिठ्ठ्या न घेता. मग मार्गशीर्षात मला विचारतात, "काका, पगाराचा पुरावा कुठून आणू?" बँकेचं पासबुक भरून आणा म्हणतो. रोख पगार घेत होतात, तर मग माझ्याकडेही उत्तर नाही.

कामगार कार्यालयात अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांना, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. खिडकीवरचा माणूस "ठेवून जा" म्हणाला तरी शिक्का पडेपर्यंत हलू नका.