मौखिक इतिहासाचा शालेय प्रकल्प : या चुका टाळा

मौखिक इतिहास म्हणजे माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून, रेकॉर्ड करून ठेवणं. या प्रकल्पाच्या वह्या जमा करायची तारीख जवळ आली की माझ्या टेबलावर एकाच साच्यातल्या वह्यांचा ढीग लागतो. पहिल्या पानावर आजोबांचा फोटो, दुसऱ्यावर वीस प्रश्न, प्रत्येकाखाली एका ओळीचं उत्तर आणि शेवटी ‘या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले’. काय शिकायला मिळालं, ते मात्र कुठेच नसतं. मग शिक्षकच म्हणतात, नववी-दहावीच्या मुलांना हे झेपत नाही. मला हे मुळीच मान्य नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका डोंगराळ भागातल्या शाळेच्या मुलांनी १९६६ साली आसपासच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन त्यांची कसबं आणि आठवणी नोंदवायला सुरुवात केली. त्यातून उभं राहिलेलं ‘फॉक्सफायर’ हे नियतकालिक पुढे देशभर वाचलं गेलं. तीही याच वयाची मुलं होती.

प्रश्नावली वाचून दाखवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. मागे एका मुलाने अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आणलं. समोर ऐंशीच्या घरातल्या बाई. याचा चौथा प्रश्न, ‘तुमचं शिक्षण किती?’ त्या म्हणाल्या, ‘सातवीपर्यंत. मग वडिलांचा कारखाना बंद पडला आणि आम्ही एका रात्रीत घर सोडलं.’ दोन सेकंद शांतता. मग कागदाची सळसळ आणि, ‘प्रश्न पाचवा. शाळेत तुमचा आवडता विषय कोणता?’ बाईंनी मुकाट्याने ‘गणित’ असं सांगितलं.

मी ते ऐकताना कपाळावर हात मारला. मुलाला पुन्हा पाठवलं, त्या रात्रीबद्दलच विचार म्हटलं. दुसऱ्या खेपेला उत्तर आलं, ‘काही नाही रे, तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं.’ माणूस बोलायला आलेला असतो तो क्षण एकदाच येतो. यादीतला पाचवा प्रश्न कुठे पळून जाणार होता?

तेव्हापासून मी मुलांना प्रश्नावली घेऊन जाऊच देत नाही. प्रश्न घरी लिहा, हवे तर पन्नास लिहा, पण मुलाखतीला जाताना पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा-सात शब्द तेवढे न्या : शाळा, घर, पहिलं काम, स्थलांतर, असे. आणि तोंडात दोनच हत्यारं ठेवा, ‘मग?’ आणि ‘म्हणजे कसं?’ समोरचा थांबला की मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे. मुलांना ही शांतता खायला उठते, पण चांगल्या आठवणी बहुतेक वेळा चाराच्या आकड्यानंतर येतात.

‘तेव्हा खूप हाल झाले असतील ना?’ असं विचारू नका. ‘हो’ म्हणून माणूस मोकळा होतो.

शिक्षकांनाही सांगतो : स्वतः एकही मुलाखत न घेता तीस मुलांना गावभर पिटाळू नका. आधी वर्गात मुलांना तुमचीच मुलाखत घेऊ द्या आणि ते रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावा. मी ते केलं तेव्हा मुलांपेक्षा मलाच जास्त लाज वाटली. प्रत्येक उत्तरात मी भाषण ठोकत होतो.

आठवणीला लाल पेन लावणं

इथे दोन टोकं दिसतात. काही मुलं ‘आजोबा म्हणाले’ म्हणून सगळं खरं धरतात. हुशार मुलं उलट करतात : इंटरनेटवर तारीख तपासतात, ती चुकलेली निघाली की अख्खा प्रसंग उडवतात.

इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्यांच्या शहरात मार्च १९४९ मध्ये लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. निदर्शनं होती इटलीने नाटो या लष्करी आघाडीत जाण्याविरुद्ध. पण कित्येक वर्षांनी अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी कामगारांना विचारलं, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ सालचा, नोकरकपातीविरुद्धच्या संघर्षातला म्हणून सांगितला. पोर्तेल्लींनी ही चूक खोडली नाही. ती का झाली, हे शोधलं. स्वतःच्या नोकऱ्या गेल्या ते दुःख कामगारांना जास्त मोठं होतं, म्हणून मृत्यूही आठवणीत तिकडे सरकला. चुकलेल्या तारखेतूनच हे कळलं.

म्हणून माझी पद्धत साधी : बोललेलं जसंच्या तसं ठेवायचं, तपासलेली तारीख तळटीपेत. आणि मुलाखतीत ‘कोणतं साल?’ असं विचारण्यापेक्षा ‘थोरल्या मुलाच्या जन्माआधी की नंतर?’ असं विचारलं, तर उत्तर पक्कं येतं.

शिवाय कोण विचारतंय, यावरही उत्तर ठरतं. १९३०च्या दशकात अमेरिकेत पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या मुलाखती सरकारी योजनेतून घेतल्या गेल्या. चार्ल्सटनमधल्या एका वृद्धेने गोऱ्या मुलाखतकर्तीला मालक बरा होता असं सांगितलं. कृष्णवर्णीय मुलाखतकाराला मात्र तिने मारहाण आणि ताटातुटीच्या कहाण्या सांगितल्या. म्हणून मुलाखतीच्या वेळी खोलीत आणखी कोण बसलं होतं, हेही वहीत लिहा. सून चहा घेऊन येते तेव्हा सासूबाईंचा सूर कसा बदलतो, ते मी रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकलंय.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पंख्याखाली बसू नका. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर नेमक्या प्रसंगात कुणाचा तरी कॉल येतो. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनने ऐका. सुरुवातीलाच नाव, तारीख, ठिकाण बोलून ठेवा. दोन प्रती त्याच संध्याकाळी, दोन वेगळ्या जागी.

संमतीपत्रावर आधी सही आणि मग समजावणं, हा उलटा कारभार बंद करा. हे कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नको असलेला भाग काढता येईल, हे आधी सांगा. वर्गाच्या ग्रुपवर क्लिप टाकणाऱ्यांशी माझं यावरून दरवर्षी भांडण होतं.

शब्दांकनाला, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द लिहून काढायला, एका तासाच्या रेकॉर्डिंगमागे चार ते आठ तास लागतात, हे ऐकून मुलं थेट सॉफ्टवेअरकडे धावतात. वापरा, माझी हरकत नाही. पण ते आडनावं आणि गावांची नावं बेधडक बदलतं, म्हणून रेकॉर्डिंग लावून ओळ न् ओळ ताडून पाहा. आणि कृपा करून ‘गेलतो’चं ‘गेलो होतो’ करू नका. हे मुलांपेक्षा भाषेचे शिक्षकच जास्त करतात.

शब्दांकन झालं की मूळ रेकॉर्डिंग पुसायचं नाही. इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं काम पद्धतशीरपणे सुरू केलं, तेव्हा सुरुवातीच्या काळात टेप महाग म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. कागद उरले, आवाज गेले. तुमच्या फोनला ती अडचण नाही.

वही तपासायला देण्याआधी ती सांगणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. ‘हे असं नव्हतं गं’ अशी दुरुस्ती येते आणि तिच्या मागोमाग पहिल्यांदा न सांगितलेली गोष्टही येते. रेकॉर्डर त्या दिवशीही सोबत हवा.