मोटारहोमचा जनरेटर चोक काढताच बंद पडत होता: माझा अनुभव

अमेरिकेत हिवाळाभर उभ्या राहिलेल्या आमच्या मोटारहोमचा (राहण्याची सोय असलेल्या गाडीचा) ४ किलोवॅटचा पेट्रोल जनरेटर चोकवर (इंजिनात जाणारी हवा कमी करणाऱ्या झडपेवर) सुरू होई. परंतु चोक काढताच त्याचा वेग वरखाली होई आणि एसी लावताच तो बंद पडे. स्पार्क प्लग आणि फिल्टर बदलूनही गुण आला नाही, याचा फार मनस्ताप झाला.

दोष कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीत होता. साचलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे उरणारा चिकट, पिवळसर थर जेटचे सूक्ष्म छिद्र बुजवतो; चोक लावल्यावर हवा कमी होत असल्याने तेवढ्या अपुऱ्या पेट्रोलवरही इंजिन चालते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, पेट्रोलची नळी बंद केली, फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी) उतरवून जुने पेट्रोल डब्यात घेतले आणि मग जेट काढले. त्यावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून दाबाची हवा मारली, छिद्रातून उजेड स्वच्छ गोल दिसेपर्यंत. तार मुळीच घालू नये, छिद्र मोठे होते. नवे गॅस्केट (सांध्यातून गळती रोखणारी चकती) बसवून ताजे पेट्रोल भरले. एसीसह जनरेटर स्थिर चालला.

आता ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे रसायन) मिसळून, मोटारहोम उघड्यावर उभी करून, दरमहा दोन तास जनरेटर निम्म्या भारावर चालवतो. नुसता भाराविना चालवणे पुरत नाही.